नीळकंठरावांचं घोरणं

नीळकंठरावांनी जन्मभर बालाघाटच्या सिंचाई विभागात बाबूगिरी केली, पण नात्यागोत्यात त्यांचं नाव झालं ते घोरण्यामुळे. त्यांच्या गावी, कटंगीला, कुणाचं लग्न निघालं, पाहुणे मुक्कामाला राहिले, की निजानीज व्हायच्या वेळी हमखास कुणीतरी विचारायचं, "भाऊजी, तुमची खाट कुठं टाकू? गोठ्यात का गावाबाहेर?" नीळकंठराव तोंडातलं पान सांभाळत म्हणायचे, "गावाबाहेरच टाका. तेवढाच वाघ तरी भेईल." सगळे हसायचे, आणि सगळ्यांत जोरात हसायची मधुवंती, त्यांची बायको. कुणी नवा पाहुणा असला तर ही सगळी कथा त्याला पहिल्यापासून सांगण्याचा मान तिचाच होता.

ती सांगायचीही रंगवून. आमच्या यांच्या नाकात राइस मिल आहे, म्हणायची. बाकीच्यांच्या मिली हंगामात चालतात, ही बारा महिने चालते, दिवाळीलासुद्धा सुटी नाही. शाळेच्या स्टाफरूममध्ये हे सांगून झालं होतं, गल्लीत सांगून झालं होतं. मुलीचं, अबोलीचं, लग्न ठरलं तेव्हा नागपूरच्या व्याह्यांसमोर पहिल्याच जेवणात तिनं हे सांगितलं. व्याहीबुवांना हसताना ठसका लागला होता. नीळकंठराव त्या वेळीही हसले होते, आणि त्यांनीच उठून व्याह्यांना पाणी दिलं होतं.

पण गेल्या दोनेक वर्षांत मधुवंतीला हसू येईनासं झालं. तिची झोप गेली. गेली म्हणजे लागायची, पण मधेच तुटायची. एकदम दचकून जाग यायची, घसा कोरडा ठाक, छातीत धडधड, आणि पाहावं तर शेजारी नीळकंठराव अंथरुणात उठून बसलेले. स्वतःच्या घोरण्यानं स्वतःच उठून बसलाय हा माणूस, आणि मलाही उठवलं, असं मनात म्हणून ती कूस बदलायची. सकाळी डोकं जड. चहा घेतला तरी जड. लालबर्राच्या वाटेवरच्या एका गावात ती सरकारी शाळेत गणित शिकवायची आणि रोज बसनं जायची. अलीकडे बसमध्ये बसली की डोळे मिटायचे. एकदा तर आपलं गाव मागे टाकून ती थेट लालबर्राला पोचली. कंडक्टरनं खांद्याला हात न लावता, बाजूची पत्र्याची भिंत वाजवून उठवलं, "मैडमजी, आपका स्कूल तो पीछे छूट गया." सगळी बस बघत होती. शाळेत पोचायला तास उलटला आणि हेडमास्तरांनी काही विचारलं नाही, याचंच तिला जास्त वाईट वाटलं.

तरी झोपेचं एक वेळ चालेल. भीती दुसरीच होती. फळ्यावर गणित मांडता मांडता मधेच हात थांबायचा, आणि पुढची पायरी काय, ते आठवायचं नाही. ज्या पोरीला पाच वर्षं शिकवलं तिला ती भलत्याच नावानं हाक मारायची. मधुवंतीची आई शेवटी शेवटी सगळंच विसरली होती. लेकीलाच विचारायची, बाई, तुम्ही कुणाच्या? ते सुद्धा असंच सुरू झालं होतं, डाळीत दोनदा मीठ घालण्यापासून. हे मधुवंतीनं एकाच माणसाला सांगितलं होतं, नीळकंठरावांना, आणि सांगताना ती लहान मुलीसारखी रडली होती. त्यांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "झोप नाही होऊन राह्यली तुही, म्हणून होते तसं." ते ऐकून तिला बरं वाटलं आणि रागही आला. झोप कुणामुळे होत नाही, हे त्यांना माहीत नव्हतं का?

हे सगळं फोनवर अबोलीच्या कानावर गेलं. अबोली नागपूरला नोकरी करते, आणि आजकालच्या मुलांसारखी प्रत्येक गोष्ट मोबाइलवर वाचते. "आई, बाबा रात्री उठून बसतात? म्हणजे त्यांचा श्वास थांबत असेल. घोरता घोरता श्वास थांबतो, माणूस दचकून उठतो. इसको हलके में मत ले. हार्टवर येतं ते." तिनं नागपूरच्या एका दवाखान्यात नंबर लावला. तिथं रात्रभर झोपायचं, अंगाला वायरी लावतात, आणि श्वास कसा चालतो ते यंत्र लिहून घेतं.

मधुवंतीला वाटलं, नीळकंठराव नाही म्हणतील. हा माणूस दाढ किडली तरी लवंग धरून महिनाभर काढणारा. पण ते लगेच हो म्हणाले, आणि पिशवी भरायलाही लागले. ते तिला जरा विचित्र वाटलं, पण एखादं माणूस शहाणपणानं वागलं तर त्याची चौकशी कशाला करावी. शाळेत परीक्षा चालू होत्या म्हणून तिला जाता येईना. सकाळच्या तुमसरमार्गे जाणाऱ्या बसनं ते गेले. जाताना दोनदा मागे वळून म्हणाले, "पौर्णिमाले सोबतीले बोलावजो रात्री." पौर्णिमा म्हणजे शेजारची सून, पियुषची बायको. तिच्या मांडीवर तीन महिन्यांचं बाळ, ती बिचारी कुणाची सोबत करणार? मधुवंतीनं हो हो म्हटलं आणि बोलावलं नाही. खरं सांगायचं तर तिला आनंदच झाला होता. जन्मात पहिल्यांदा बिछाना, खोली आणि शांतता, सगळं तिचं एकटीचं होतं. भाद्रपदाचा उकाडा होता, खिडक्या सताड उघड्या टाकून ती नवाच्या आधीच आडवी झाली.

सकाळी उठली तेव्हा डोकं नेहमीपेक्षा जास्त दुखत होतं. जीभ टाळूला चिकटलेली. आता हे काय? मिल नागपूरला गेली, तरी इथं धूळ कशी? आयुष्यभर शांतता नसल्यामुळे शांतताच बाधली असेल, अशी समजूत घालून ती अंगणात तुळशीला पाणी घालायला गेली. भिंतीपलीकडे पौर्णिमा बाळाची दुपटी वाळत घालत होती.

"काकू, काका नाही गेले का नागपूरले?"

"गेले की. काल सकाळीच."

"अच्छा." पौर्णिमानं एक दुपटं दोनदा झटकलं. "नाही, ते रात्री... बाळ झोपूनच नव्हतं राह्यलं, तर मी खिडकीपाशी बसली होती. तुमच्या बेडरूममधून आवाज येत होता. घोरण्याचा. मले वाटलं काका परत आले."

मधुवंतीनं तांब्यातलं उरलेलं पाणी एकदम ओतून टाकलं. मग ती म्हणाली, "टीव्ही असेल. चालू राहिला रात्रभर."

"हौ, टीव्हीच असेल," पौर्णिमा म्हणाली, आणि मान खाली घालून आत निघून गेली. टीव्ही पुढच्या खोलीत आहे, हे तिला माहीत होतं. तीच रोज संध्याकाळी बाळाला घेऊन तो बघायला यायची.

मधुवंती घरात आली आणि तिनं आधी मागच्या दाराची कडी पाहिली. कडी लागलेली होती. पुढच्या दाराचा खटकाही जागेवर. तरी तिनं पलंगाखाली वाकून पाहिलं. तिथं अबोलीची जुनी पेटी होती आणि एक चप्पल. मग तिनं कपाट उघडलं, आणि उघडल्यावर तिची तिलाच लाज वाटली. चोर घरात शिरतो, काही नेत नाही, मास्तरणीच्या शेजारी पडून रात्रभर घोरतो आणि पहाटे आतून कडी लावून निघून जातो, असा चोर कुठल्या जिल्ह्यात असतो? ती गणिताची बाई होती. पोरांना ती शिकवायची, जे शक्य नाही ते एकेक करून खोडा, उरेल ते उत्तर. तिनं एकेक करून सगळं खोडलं. चोर खोडला, मांजर खोडलं, गल्लीतला कुत्रा खोडला. आता एकच उत्तर उरलं होतं. तिनं ते सोडून दिलं आणि अबोलीला फोन लावला.

"बाबा तिथंच आहेत ना?"

"हो, आताच उठले. नाश्ता करतायत."

"रात्रभर तिथंच होते?"

"आई, अंगभर वायरी होत्या त्यांच्या. कुठे जाणार?" अबोलीच्या आवाजात काळजी आली. "तू ऐसे क्यों पूछ रही है?"

"काही नाही. काय म्हणाले डॉक्टर?"

"अगं, कमाल आहे. बाबांना काहीच नाही. श्वास एकदम नीट, ऑक्सिजन नीट. थोडंसं घोरतात, पण ते सगळेच घोरतात. डॉक्टर म्हणाले, इतका गाढ झोपणारा पेशंट कित्येक महिन्यांत पाहिला नाही. सकाळी हलवून उठवावं लागलं त्यांना."

"यंत्र बिघडलेलं असेल," मधुवंती म्हणाली.

तिला मनापासून तसं वाटत होतं. जो आवाज अख्ख्या कटंगीनं ऐकला तो नागपूरच्या यंत्राला ऐकू येत नाही, म्हणजे यंत्राचे कान फुटलेत. तिनं स्वतः ऐकला होता. रविवारी दुपारी जेवण करून नीळकंठराव दिवाणावर पडले की खिडकीची काच थरथरायची, ते काय खोटं? दुपारी एवढं घोरणारा माणूस रात्री गप्प झोपतो, हे कसं शक्य आहे? आणि रात्री तिनं कधी ऐकलं होतं, असं कुणी विचारलं असतं तर मात्र तिला जरा थांबावं लागलं असतं. रात्री ती झोपलेली असायची. जाग यायची तेव्हा ते बसलेले असायचे. बसलेला माणूस घोरत नाही. हे असं पूर्वी तिला कधी सुचलंच नव्हतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच, पण काखेत हात घालायचं धैर्य त्या सकाळी मधुवंतीला झालं नाही. ती शाळेत गेली. बसमध्ये उभ्यानं गेली, बसायला जागा असून.

नीळकंठराव दुसऱ्या दिवशी दुपारी परतले. चेहरा ताजातवाना, जणू दवाखान्यातून नाही, सासुरवाडीहून आले होते. हातपाय धुऊन ते स्वयंपाकघराच्या दारात पाटावर बसले. मधुवंती सुटीचा अर्ज टाकून घरीच थांबली होती. तिनं पाणी दिलं आणि समोर उभी राहिली.

"तुम्ही गेलात त्या रात्री पौर्णिमाला इथून घोरण्याचा आवाज आला."

नीळकंठरावांनी पेला खाली ठेवला. "तू तिले सोबतीले नाही बोलावलं?"

"ते राहू द्या. आवाज कुणाचा होता?"

त्यांनी पेला उचलला आणि परत ठेवला. हा माणूस खोटं बोलायला लागला की भराभर बोलतो, आणि खरं बोलायचं असलं की त्याला वेळ लागतो, हे मधुवंतीला त्या क्षणी पहिल्यांदाच कळलं.

"माझा होता," ती म्हणाली.

"हौ."

"कधीपासून?"

"पहिलेपासूनच. लगन झाल्यापासून." ते पाटावर जरा सरकून बसले. "तू नवीन होती. कटंगीच्या घरी आपल्या खोलीची भिंत कुडाची. सकाळी आईनं इचारलं, रातच्याले कोन घोरत होतं रे? आन् आईचं तुले माहीत हाये. शेजारच्या डोमाजीच्या सुनेचं तिनं चक्की नाव पाडलं होतं. ते पोरगी म्हातारी झाली तरी लोक चक्कीच म्हनत. म्यां म्हटलं, मी घोरत होतो. झालं. मंग तेच चालू राह्यलं."

चक्की. मधुवंतीला ती बाई आठवली, मैनाबाई. लग्नकार्यात ती सगळ्यात शेवटी झोपायची आणि सगळ्यांच्या आधी उठून चूल पेटवायची. तिला चक्की म्हणून हसणाऱ्यांत मधुवंतीही होती.

"तीस वर्षं," ती म्हणाली. "मी तुमची चेष्टा करत राहिले. व्याह्यांच्या पंक्तीत केली. आणि तुम्ही हसत होतात?"

"मले मजा यायची," नीळकंठराव म्हणाले. "तू मस्त सांगत होती."

तिला संताप आला. असा संताप, की समोरची कढई उचलून आदळावीशी वाटली. या माणसानं तिला वेड्यात काढलं होतं. वर्षानुवर्षं ती चारचौघांत आपलंच हसं करत होती आणि हे एकट्यालाच माहीत होतं. प्रेमानं केलं असेल, पण म्हणून काय झालं? तिनं तसं बोलूनही दाखवलं, आणि बरंच बोलली. नीळकंठराव ऐकून घेत राहिले. तिचं बोलणं संपल्यावर म्हणाले, "बस जराशी, मधू. एवढंच नाही हाये."

ती बसली.

"दोन वर्सं झाले, तुहा श्वास अडकते झोपेत. घोरता घोरता एकदम बंद. काहीच नाही. छाती हलते पन हवा नाही जात. पहिल्या वेळी मले वाटलं, गेली. म्यां हलवलं तुले, तवा मोठा श्वास घेतला तू. मंग मी जागाच राहाले लागलो. बंद झाला का धक्का देतो. तू उठते, मले शिव्या देते मनातल्या मनात, आन् झोपते."

मधुवंतीला एकेक रात्र आठवली. तो दचका, ती धडधड, शेजारी उठून बसलेला माणूस. सगळं तेच होतं, फक्त उलटं.

"मग मला सांगायचं नाही?"

"सांगनारच होतो. पन त्याच वेळी तू रडली होती का आईसारखं होऊन राह्यलं म्हनून. म्हटलं आता वरतून हे भेव कसं द्यावं? तू झोपनंच सोडून देल्लं असतं." त्यांनी पायाच्या अंगठ्यानं फरशी घासली. "मंग अबोलीनं माझा नंबर लावला. म्हटलं बरं झालं. डॉक्टर तर भेटन. म्यां त्याले सारं तुह्याबद्दलच इचारलं. तो म्हने, हे पेंगनं, हे विसरनं, डोकं दुखनं, सारं याच्याचनं होऊ शकते. तपासल्याबिगर नाही सांगता येत, पन होऊ शकते. रातच्याले नाकाले लावाची मशीन राहते. लोक बरे होतात म्हने."

"विसरणंसुद्धा?"

"हौ. विसरनंसुद्धा."

मधुवंतीच्या डोळ्यांत पाणी आलं. आईसारखं नसेल. कदाचित नसेल. या एका कदाचितसाठी ती आयुष्यभर घोरायला तयार होती. आणि मग तिच्या मनात दुसरंच काहीतरी आलं.

"तुम्ही झोपत कधी होतात?"

"दुपारी," नीळकंठराव म्हणाले.

रिटायर झालेला माणूस दिवसभर लोळतो, म्हणून तिनं त्या दुपारच्या झोपेवरूनही काय काय ऐकवलं होतं. तिनं पदरानं तोंड पुसलं. राग कुठे गेला नव्हता, पण आता त्याच्या शेजारी इतकं काही येऊन बसलं होतं की त्याला जागाच राहिली नव्हती. मघापासून तिला एवढंच कळत होतं की आपल्याला काही कळत नाही. या माणसाला माफ करायचं, की याची माफी मागायची?

पुढचं नीळकंठरावांनी आधीच ठरवून ठेवलं होतं. "पुढच्या आठवड्यात तुले घेऊन जातो. लोकाइले सांगू, माझीच दुसरी टेस्ट हाये. पहिली बरोबर नाही आली. अबोलीलेही तेच सांगू सध्या. तू फक्त सोबत आली. कोनाले समजत नाही."

मधुवंतीनं विचार केला, आणि तिला ते बरं वाटलं. हे लपवू नये. तिला खरंच बरं वाटलं. स्टाफरूम, व्याही, कटंगीच्या जावा, सगळ्यांचे चेहरे तिच्यासमोरून गेले. पुरुष घोरला तर त्याची गोष्ट होते, बाई घोरली तर तिचं नाव पडतं. "चालेल," ती म्हणाली, आणि चहा टाकायला उठली. नीळकंठराव पुढच्या खोलीत जाऊन बसले.

दूध उतू जाण्याच्या बेतात होतं तेवढ्यात पुढच्या खोलीत पौर्णिमाचा आवाज आला. ती वाटी परत द्यायला आली होती, पण वाटी देऊनही ती उभीच होती. मधुवंतीला स्वयंपाकघरातून सगळं ऐकू येत होतं.

"काका, एक बात थी. बुरा मत मानना." पौर्णिमा हळू बोलत होती. "तुमी गेल्ते न, त्या रात्री इथून घोरण्याचा आवाज येत होता. माणसाचा. काकू म्हणे टीव्ही होता. पियुष म्हणते अपने को क्या करना है. पण काकू एकट्या होत्या, मले राह्यवलं नाही. कोणी घरात घुसलं होतं का काय..."

"अगं तो मीच," नीळकंठराव म्हणाले. लगेच म्हणाले. "तुमसरलेच बस बिघडली. मी परत आलो रातच्याले, अन् पहाटच्या गाडीनं पुन्हा गेलो."

"पण अबोलीताईनं स्टेटस टाकलं होतं त्या रात्री. तुमचा फोटो, वायरी लावलेला."

"तो पहिलेचा फोटो हाये. मांगच्या वर्सीचा."

"मांगच्या वर्षीही गेल्ते तुमी?"

"हौ. माझं हे घोरनं पुरानंच हाये न बाप्पा. साऱ्या कटंगीले माहीत हाये." आणि ते हसले. तेच हसू, पंक्तीतलं.

मधुवंती पातेलं खाली उतरवून तशीच उभी राहिली. तीस वर्षं हे तिच्यासाठी चाललं होतं, पण होताना तिनं कधी पाहिलं नव्हतं. ते कसं चालायचं, हे तिनं आज कानांनी ऐकलं. किती सहज, किती भराभर, अडखळणंसुद्धा नाही. आणि पौर्णिमा काही खुळी नव्हती. ती या गोष्टीवर विश्वास ठेवणार नाही, तोंडानं हो म्हणेल आणि मनात दुसरंच धरून जाईल. म्हणजे आता नवऱ्याची अब्रू द्यायची, वर आपलीही जाणार, आणि एवढं करून पुढच्या आठवड्यात चोरासारखं नागपूरला जायचं. कशासाठी? श्वास घ्यायला लाज वाटते म्हणून?

तिनं तीन कप भरले आणि ताट घेऊन बाहेर आली.

"पौर्णिमा, ते मी होते. मी घोरते. हे नाही घोरत. कधीच नव्हते घोरत, दुपारचं सोडून."

नीळकंठराव तिच्याकडे बघत राहिले. पौर्णिमाही आधी बघतच राहिली आणि मग तिच्या चेहऱ्यावरचा ताण एकदम उतरला. ती खुर्चीत टेकली आणि तोंडावर हात ठेवून हसायला लागली. "हे भगवान, काकू. मी दोन दिवसांपासून काय काय सोचून राह्यली. मेरी तो नींद उड़ गई." मधुवंतीलाही हसू आलं. झालं तर. एवढंच होतं. आभाळ काही कोसळलं नाही.

"पण काकू," पौर्णिमा चहाचा घोट घेत म्हणाली, "तो आवाज मधीमधी एकदम बंद होऊन जात होता. मी बाळाले थोपटत राहायची आणि वाट पाहायची, आता येईन, आता येईन. एकदा तर मी उठून खिडकीत आली. म्हटलं, मेला का काय तो माणूस."

ती हे हसतच सांगत होती. नीळकंठरावांनी मात्र कप खाली ठेवला. ठेवताना तो बशीवर नीट बसला नाही, चहा सांडला, आणि तो त्यांनी पुसलाही नाही.

"किती वेळ बंद होता?" त्यांनी विचारलं.

"लई वेळ, काका. बाळ रडून गप्प झालं इतका."

"आन् मंग?"

"मंग आला परत."

"असं कितीक वेळा?"

पौर्णिमाचं हसू थांबलं. तिनं एकदा काकांकडे आणि एकदा काकूंकडे पाहिलं. "रातभर," ती म्हणाली.

नीळकंठरावांनी सांडलेल्या चहाकडे पाहिलं आणि मग मधुवंतीकडे. घोरण्याचा आळ अंगावर घेणारा, व्याह्यांना पाणी देणारा हा माणूस मधुवंतीनं आजवर घाबरलेला पाहिला नव्हता. आता ती पाहत होती. रोज रात्री तो असाच बसलेला असणार, अंधारात, तिच्याकडे तोंड करून, आणि ती कूस बदलून पाठ फिरवत होती.

"तुले एकटं टाकून जायाले नव्हतं पाहिजे म्यां," ते म्हणाले. "झोपून गेलो मी तिथं. मस्त झोपलो."

मधुवंतीनं टेबलावरचा मोबाइल उचलला आणि तिथंच, पौर्णिमासमोर, अबोलीला फोन लावला. "अबोली, नागपूरला नंबर लाव. पुढच्या आठवड्यातला नको, उद्याचा मिळतो का बघ. बाबांचा नाही. माझा."

"तुझा? तुझा कशाला?"

"मी घोरते. माझा श्वास थांबतो."

मग अबोलीनं अगदी सांभाळून विचारलं, "आई, तू ठीक आहेस ना?"

"नाही," मधुवंती म्हणाली. "तू नंबर लाव."